लाल की निळं

२०१७च्या पावसाळ्यात आमच्या पुतणीला रक्ताचा कॅन्सर निघाला. आठ वर्षांची होती, तिसरीत. आधी ताप येऊन जायचा, मग पिंढऱ्या दुखायला लागल्या, मग अंगावर काळेनिळे डाग दिसू लागले. वहिनीला वाटलं, खेळताना पडते. नारायणगावात रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन साडेपाच आणि प्लेटलेट्स अकरा हजार. डॉक्टरांनी रिपोर्ट दादाच्या हातात दिला आणि म्हणाले, आजच पुण्याला निघा. पुण्यात हाडातला मगज तपासला आणि तिथून परळला, टाटा मेमोरियलला, पाठवलं.

आम्ही ओझरचे. विघ्नहर गणपतीच्या देवळाच्या वाटेवर हार, दुर्वा, पेढ्यांचं दुकान आहे, ते आई-आप्पा बघतात. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, शेती करतो. येडगाव धरणाच्या पाण्यावर टोमॅटो, बांधापलीकडे थोडा ऊस. मी जवळच्या गावात हायस्कूलला विज्ञान शिकवतो. घरात कुठलाही छापील कागद आला की तो वाचायचं काम माझ्याकडे येतं, मग ती सोसायटीची नोटीस असो नाहीतर विम्याचा फॉर्म. परळलाही मी गेलो तो त्याच हिशेबाने.

आजारपणाच्या हालांबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ आहे, पण ते बहुतेक घरांनी कधी ना कधी पाहिलेलं असतं. मला सांगायचंय ते तिथे दिलेल्या एका फॉर्मबद्दल. चौथ्या-पाचव्या दिवशी मुलांच्या विभागातल्या एका डॉक्टरबाईंनी दादा-वहिनीला बाजूला बसवलं. वयाने माझ्यापेक्षा लहान, बोलणं स्वच्छ मराठी. निदान पक्कं झालं होतं: अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, बी पेशींचा. लहान मुलांना होणाऱ्या कॅन्सरमधला सगळ्यात जास्त दिसणारा, आणि सुदैवाने औषधांना दाद देणारा. पोरीचं वय, पांढऱ्या पेशींचा आकडा आणि बाकीच्या तपासण्या बघता तिचा धोका कमी गटातला होता. उपचार अडीच वर्षांच्या आसपास चालणार. हे सगळं सांगून झाल्यावर बाई म्हणाल्या, "आमच्याकडे एक अभ्यास चालू आहे. त्यात तिला घ्यायला तुमची परवानगी हवी. नाही म्हणालात तरी उपचारात काही फरक पडणार नाही, नेहमीचे उपचार इथेच होतील."

अभ्यासाचं नाव होतं आयसिकल. कोलकाता, दिल्ली, चंदीगड, चेन्नई आणि मुंबई इथल्या मोठ्या कॅन्सर रुग्णालयांनी मिळून २०१६ साली तो सुरू केला होता. मुलांच्या या आजारावर, उपचार चिठ्ठीने ठरवून दोन गट करायचे आणि ते अनेक रुग्णालयांत एकाच पद्धतीने राबवायचे, असं आपल्याकडे त्याआधी झालेलं नव्हतं. त्यात आमच्या पोरीच्या गटापुरते प्रश्न दोन होते.

पहिला प्रश्न प्रेडनिसोलोनचा. हे स्टिरॉइड सुरुवातीच्या टप्प्यात पाच आठवडे देण्याचा रिवाज. ते कॅन्सरच्या पेशी मारतं, पण त्याचबरोबर अंगातली रोगाशी लढायची ताकदही खाली आणतं. युरोप-अमेरिकेत या आजाराची नव्वद टक्क्यांच्या आसपास मुलं वाचतात. आपल्याकडे आकडा कमी पडतो, आणि त्यातला मोठा वाटा कॅन्सरचा नसून उपचार चालू असताना झालेल्या जंतुसंसर्गाचा असतो. मूल कुपोषित असतं, उशिरा पोचतं, घर लांब असतं. मग कमी धोक्याच्या मुलांना स्टिरॉइड पाचऐवजी तीनच आठवडे दिलं तर त्रास आणि संसर्ग कमी होतील का? आणि आजार तेवढाच आटोक्यात राहील का?

दुसरा प्रश्न काही महिन्यांनी येणाऱ्या टप्प्याचा. तिथे डॉक्सोरुबिसिन नावाचं औषध देतात. त्याच्या जागी मायटोझँट्रोन दिलं तर आजार उलटण्याचं प्रमाण घटेल का? हे हवेतून आलेलं नव्हतं. आजार उलटलेल्या मुलांवर ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये एक चाचणी झाली होती. तिचे निष्कर्ष २०१०मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. मायटोझँट्रोन मिळालेल्यांपैकी जवळजवळ ६५ टक्के मुलं तीन वर्षांनी आजार पुन्हा न वाढता होती. आयडारुबिसिन मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण ३६ टक्के. फरक इतका ठळक दिसला की गटवारी मध्येच थांबवावी लागली. त्या चाचणीमागचे डॉक्टर वास्कर साहा पुढे कोलकात्याला आले आणि भारतातल्या या अभ्यासाच्या उभारणीत तेच पुढे होते. पण उलटलेल्या आजारात जे चाललं ते पहिल्यांदाच आजारी पडलेल्या मुलांत चालेल, असं धरून चालता येत नाही. म्हणून पुन्हा विचारायचं.

कुणाला तीन आठवडे, कुणाला पाच, हे डॉक्टर ठरवणार नाहीत, आईबापही नाहीत. कॉम्प्युटर चिठ्ठी काढणार.

वहिनी तोवर गप्प होती. तिने विचारलं, "तुमची पोरगी असती तर तुम्ही काय दिलं असतं?"

बाईंनी लगेच उत्तर दिलं नाही. मग म्हणाल्या, "ताई, दोन्हींतलं चांगलं कुठलं ते मला माहीत नाही. आमच्यातल्या कुणालाच माहीत नाही. माहीत असतं आणि तरी मी चिठ्ठी काढली असती, तर ते पाप झालं असतं."

हे ऐकून वहिनीचा चेहरा पडला. एवढं लांब, एवढ्या नावाच्या दवाखान्यात आलो ते डॉक्टरांना माहीत असतं म्हणून, आणि या म्हणतायत माहीत नाही. मला मात्र त्याच वाक्याने धीर आला. रोज चाळीस पोरांपुढे उभा राहणारा माणूस आहे मी. येत नाही असं सगळ्यांसमोर म्हणायला काय लागतं ते मला कळतं.

फॉर्म मराठीत होता, बराच जाड. डॉक्टरबाईंनी तो घरी, म्हणजे धर्मशाळेत, नेऊन वाचायला दिला. सही आत्ताच करा असं कुणी म्हटलं नाही. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत त्या रात्री मी तो दादा-वहिनीला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला. भाषा सरकारी मराठीची असते तशीच, 'सहभागी', 'यादृच्छिक', 'प्रतिकूल घटना'. प्रत्येक वाक्य मी पुन्हा आमच्या बोलीत सांगत होतो. दादा ऐकून घेत होता. गटवारीच्या पानावर आला तेव्हा म्हणाला, "कृषी विज्ञान केंद्रात प्लॉट करत्यात तसंच हाये हे. निम्म्या वावरात जुनं, निम्म्यात नवं."

अगदी बरोबर होतं त्याचं. माणसांवरच्या चाचण्यांत चिठ्ठी टाकून गट करायची ही रीत शेतातूनच आलीय. इंग्लंडात रोथॅमस्टेडच्या शेतकी संशोधन केंद्रात १९२०च्या दशकात रोनाल्ड फिशरने ती बसवली. कुठल्या वाफ्याला कुठलं खत हे आपल्या मर्जीने ठरवलं तर चांगली जमीन नकळत आवडत्या खताच्या वाट्याला जाते, म्हणून चिठ्ठी. कृषी महाविद्यालयात शिकलेल्यांना पानसे-सुखात्मे यांचं पुस्तक आठवेल, त्यात हाच सगळा हिशेब आहे. दादाने ते पुस्तक पाहिलेलं नाही, पण दोन ओळींत दोन वाण लावून त्याने आयुष्य काढलंय.

"पण टोमॅटो वेगळा," तो पुढे म्हणाला. "पिकलं न्हाई तर कॅरेट उलटं करून यायचं. पोरगी वेगळी."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सकाळी आप्पांचा फोन आला. गावात बातमी पोचली होती. "पोरीवर प्रयोग करू द्यायचा न्हाई. गरिबाच्याच पोरांवर करत्यात हे." आप्पा तापट आहेत, पण त्यांचं म्हणणं अडाणीपणाचं म्हणून उडवून लावण्यासारखं नव्हतं. २०१० साली आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत वडोदऱ्याकडे शाळकरी मुलींना एचपीव्ही लस देऊन चाललेला अभ्यास सरकारला थांबवावा लागला होता. खम्ममच्या आश्रमशाळांत मुलींच्या वतीने संमतीच्या फॉर्मवर वॉर्डन आणि मुख्याध्यापकांनी सह्या ठोकल्या होत्या. आईबापांना विचारलंच नव्हतं. शिक्षक म्हणून ती बातमी माझ्या डोक्यातून कधी गेली नाही. मुख्याध्यापकाच्या टेबलावर रोज किती कागद सहीला येतात आणि तो ते कसे सही करतो, हे मी बघतो ना. पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत प्रकरणं गेली, नियम कडक झाले, २०१९मध्ये औषधचाचण्यांची नवी नियमावली आली. २००९पासून प्रत्येक चाचणीची सरकारी नोंदवहीत आगाऊ नोंद करावी लागते आणि ती कुणालाही इंटरनेटवर उघडून पाहता येते. मी धर्मशाळेच्या जिन्यात बसून मोबाइलवर आमच्या अभ्यासाची नोंद शोधून काढली. रुग्णालयांची नावं, प्रश्न, कुणी पैसा दिला, सगळं तिथे होतं.

पैशाची ओळ मी दोनदा वाचली. कारण आप्पांच्या शंकेचं खरं उत्तर तिथे होतं. या अभ्यासात कुठल्याही कंपनीचं नवं औषध नव्हतं. सगळी औषधं जुनी, पेटंट संपलेली. प्रेडनिसोलोनची गोळी तर जवळजवळ फुकट मिळावी इतकी स्वस्त. स्वस्त औषध आणखी कमी द्यावं का, हा प्रश्न कुठली कंपनी पैसे खर्चून विचारेल? तो रुग्णालयांनाच विचारावा लागतो. नव्या औषधाची चाचणी वाईट असते असं माझं म्हणणं नाही. पण कागद हातात आला की कुणाचा फायदा कशात आहे हे आधी बघावं, एवढं मात्र मी तेव्हापासून मानतो.

आप्पांना हे फोनवर पटलं असं नाही. "तुमचं तुम्ही बघा," म्हणून त्यांनी फोन ठेवला. दुपारी मात्र आईने सांगितलं, ते विघ्नहराला दुर्वा वाहून आले.

सहीच्या आधी एक गोष्ट झाली. डॉक्टरबाईंनी पोरीलाही विचारलं. सात वर्षांवरच्या मुलाला त्याला समजेल अशा भाषेत सांगून त्याचं म्हणणं घ्यायचं, असा नियमच आहे. खुर्चीवर पाय हलवत तिने सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "त्यात सुया कमी होतात का?"

"नाही बाळा. सुया तेवढ्याच."

"मग कुठलं पण चालेल."

दादाने सही केली. वहिनीने शेजारी आपलं नाव घातलं.

चिठ्ठीचा निकाल आला: पाच आठवडे. म्हणजे जुनंच. वहिनीने मनात तीन धरले होते, ती हिरमुसली. पुढच्या पंधरवड्यात ती का हिरमुसली ते आम्हाला कळलं. स्टिरॉइडची भूक ही वेगळीच गोष्ट असते. आठ वर्षांचं पोर रात्री तीनला उठून वरणभात मागतं, खातं, आणि पातेलं धुऊन होईतो पुन्हा मागतं. गाल भोपळ्यासारखे फुगले. स्वभाव बदलला. कधी कुणाला उलटून न बोलणारी पोरगी आईला ताट फेकून मारायची आणि मग तिच्याच मांडीत तोंड खुपसून रडायची. तोवर आम्हाला सेंट ज्यूडच्या केंद्रात खोली मिळाली होती. कॅन्सरच्या मुलांना आणि त्यांच्या आईबापांना तिथे फुकट राहायला मिळतं, स्वयंपाकघर सामायिक. रात्री तीनला तिथे एकटी वहिनी नसायची. कुणाची खिचडी, कुणाची नाचणी, एकेका शेगडीवर एकेका जिल्ह्याची आई. पाच आठवड्यांवाल्या कुठल्या आणि तीनवाल्या कुठल्या, हे त्यांना एकमेकींचं ठाऊक होतं.

मुंबईत जुन्नर तालुक्यातली माणसं काही कमी नाहीत. आमच्या प्रत्येक भावकीतलं कुणी ना कुणी मुंबईला आहे. बोलावणीही आली. पण दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसांत, पांढऱ्या पेशी तळाला गेलेलं पोर ठेवता येत नाही, हे नातेवाइकांना समजावताना दादाची दमछाक व्हायची. दोन घरांनी तर मनाला लावून घेतलं.

पाच आठवड्यांनी मगज पुन्हा तपासला. एमआरडी नावाची चाचणी असते. डोळ्यांना न दिसणाऱ्या, लाखांत थोड्या उरलेल्या कॅन्सरच्या पेशी ती हुडकते. तिच्यात काही सापडलं नाही.

त्या काळात मी सुट्टी टाकून परळला राहायचो. पोरगी झोपली की रस्त्यावर चहा घ्यायचो. टाटापासून चालत थोड्याच अंतरावर हाफकिन संस्था आहे, हे मला माहीत होतं, पण तिचा आमच्या पोरीशी काय संबंध ते पुढे वाचनात आलं. तिला आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटच्या पिवळ्या गोळ्या असायच्या. तेच पिवळं औषध पाठीच्या मणक्यातूनही दिलं जायचं, त्याला ती 'पाठीतली सुई' म्हणायची आणि तेवढीच एक गोष्ट तिला खरोखर घाबरवायची. या औषधाचं मूळ शोधत मागे गेलं तर माणूस परळलाच येऊन थांबतो. १९२८ साली लुसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली आणि हाफकिनमध्ये राहून गिरणी कामगार बायकांच्या गरोदरपणातल्या रक्तक्षयाचा शोध घ्यायला लागली. यीस्टच्या अर्काने, बाजारात मिळणाऱ्या मार्माइटनेसुद्धा, तो बरा होतो हे तिने दाखवलं. १९३१मध्ये ते छापून आलं. त्या अर्कातला गुणकारी पदार्थ पुढे फॉलिक अ‍ॅसिड म्हणून ओळखला गेला. अमेरिकेत लेडर्ली कंपनीत आपल्या भीमावरमच्या येल्लाप्रगड सुब्बाराव यांच्या गटाने तो प्रयोगशाळेत बनवला. बॉस्टनच्या सिडनी फार्बरना संशय आला की फॉलिक अ‍ॅसिडने ल्युकेमिया उलट भडकतोय. मग त्याला अडवणारं काही मिळालं तर? सुब्बारावांच्या प्रयोगशाळेने अ‍ॅमिनोप्टेरिन दिलं. १९४८ साली फार्बरनी १६ मुलांची हकीकत छापली. त्यांतल्या दहांना उतार पडला. काही आठवडे, काही महिने. मग आजार परत आला.

मेथोट्रेक्सेट हे त्या अ‍ॅमिनोप्टेरिनचं धाकटं भावंड. म्हणजे परळच्या गिरणीतल्या फिकट पडलेल्या बायका, मग बॉस्टनमधली ती मुलं, आणि मग आमची पोरगी पुन्हा परळमध्येच ती पिवळी गोळी तोंड वाकडं करून गिळतेय. हे मी वहिनीला एकदा सांगायला गेलो. ती म्हणाली, "भावजी, त्या सोळांतली वाचली किती?" मी म्हणालो, तेव्हा एकही नाही. तिने पुढे काही विचारलं नाही.

आपल्याकडचा टप्पा याच्या बऱ्याच नंतरचा. १९७०च्या दशकात टाटामध्ये या आजाराचं साधारण पाचातलं एक मूल टिकायचं. डॉ. सुरेश अडवाणी आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेतले इयन मॅग्रा यांनी मिळून १९८४मध्ये एक ठरावीक वेळापत्रक आखलं, एमसीपी ८४१ नावाचं, आणि ते मुंबई, चेन्नई, दिल्लीत लावलं. चार वर्षांनी आजाराशिवाय असणारी मुलं २० टक्क्यांवरून ४५ ते ६० टक्क्यांच्या घरात गेली. नवं जादूचं औषध त्यात नव्हतं. कुठलं, किती, कितव्या दिवशी, एवढंच नीट बांधलेलं होतं, आणि प्रत्येक मुलाचा हिशेब लिहून ठेवलेला होता. आयसिकलचा फॉर्म घेऊन आलेल्या डॉक्टरबाई त्याच वाटेवरच्या.

काही महिन्यांनी दुसरी चिठ्ठी. या वेळचा निकाल कुणी सांगायची गरज नव्हती, रंगावरून कळायचा. डॉक्सोरुबिसिन लाल असतं, रुह अफ्जासारखं. मायटोझँट्रोन गडद निळं, शाईच जणू. आमच्या पोरीला लाल आलं. शेजारच्या कॉटवर सोलापूरकडचा मुलगा होता, त्याला निळं. औषध गेल्यावर हिची लघवी लालसर, त्याची हिरवट, आणि दोघं ते एकमेकांना इतक्या उत्साहाने सांगायची की वॉर्डातल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या.

त्या मुलाला आठवड्यातच ताप भरला. लगेच आयांमध्ये कुजबुज सुरू झाली की निळं वाईट. वहिनीही मला म्हणाली, बरं झालं आपल्याला लाल आलं. पुढच्याच महिन्यात लाल मिळालेल्या एका मुलीला आयसीयूत न्यावं लागलं, तेव्हा मत उलटलं. दोन कॉटांवरून निकाल लावायचा म्हटलं की असंच होणार. म्हणून तर पाच शहरांतली मुलं मोजायची. सोलापूरचा तो मुलगा तापातून बरा झाला. काही कॉट रिकाम्याही झाल्या. त्यांबद्दल मी लिहिणार नाही, ती त्या घरांची गोष्ट आहे.

दोन्ही वेळा जुनंच वाट्याला आलं हे गावात कळलं तेव्हा पारावर एकाने विचारलं, "मग अभ्यासात जाऊन फायदा काय झाला?" प्रश्न सरळ होता. खरं सांगायचं तर औषधाच्या बाजूने काही वेगळं मिळालं नाही. पण जुनं घेणारे निम्मे नसतील तर नव्याची तुलना कशाशी करणार? दादाने त्याला प्लॉटचं सांगितलं. त्याला ते लगेच कळलं, तोही टोमॅटोवालाच.

मला जाणवलेला फायदा वेगळाच होता. आमच्या फाइलला एक कार्ड लावलेलं होतं. त्यावर अभ्यासाचा क्रमांक, पोरीचा गट, आणि रात्री-अपरात्री लावायचा फोन नंबर. पुढच्या दीड-पावणेदोन वर्षांच्या गोळ्यांच्या टप्प्यात ती घरी, ओझरला होती. आता ओझरसारखं गाव या आजारासाठी तसं अवघडच. अष्टविनायकातलं क्षेत्र, संकष्टीला आणि रविवारी आमच्या दारासमोरून माणसांचा पूर लोटतो, अंगारकीला तर विचारू नका. खोकणारं, शिंकणारं प्रत्येक जण आमच्या दुकानापाशी पेढे घ्यायला थांबणार. आईने दुकानामागची खोली पोरीला दिली, दाराला जाळी लावली, आणि चतुर्थीच्या दिवशी तिला मळ्यातल्या घरी पाठवायची पद्धत पाडली. तिथे बिबट्याची भीती, म्हणून सूर्य मावळला की आत. पोरगी म्हणायची, देवळापाशी माणसं आणि मळ्यात वाघ, मी राहू कुठे?

एका संकष्टीच्या रात्री तिला ताप भरला, एकशे एकच्या वर. पांढऱ्या पेशी कमी असताना असा ताप म्हणजे थांबायला वेळ नसतो. पावसाळ्यात माळशेज घाट उतरून परळ गाठायचं म्हणजे पहाट. दादाने कार्डावरचा नंबर लावला. पलीकडच्या निवासी डॉक्टरने गट विचारला, कितवा आठवडा चालू आहे विचारलं, आणि सांगितलं की मुंबईला येऊ नका, पुण्यातल्या जवळच्या मोठ्या रुग्णालयात तासा-दोन तासांत पोचा. कुठलं अँटिबायोटिक पहिल्यांदा द्यायचं तेही त्याने तिथल्या डॉक्टरांशी स्वतः बोलून कळवलं. दोन दिवसांत ताप उतरला.

२०२०च्या जानेवारीत गोळ्या बंद झाल्या. मार्चमध्ये सगळं बंद पडलं. वॉर्डातल्या ज्या मुलांचे उपचार तेव्हा अर्ध्यावर होते त्यांच्या आया वहिनीला फोन करायच्या, एसटी बंद आहे, आता कसं पोचायचं. वहिनीकडे उत्तर नसायचं, पण ती फोन लवकर ठेवायची नाही. आता टाटामध्ये उपचार संपून दोन वर्षं झालेल्या मुलांचा वेगळा दवाखाना आहे, १९९१पासून चालतो, तिथे पोरगी वर्षातून एकदा जाते. लाल औषध हृदयावर परिणाम करू शकतं म्हणून इको काढतात. उंची, वजन, मार्क, सगळं विचारतात. ती आता माझ्याएवढी उंच आहे आणि मला गणितात अडवते.

पोरगी बरी झाली ती अभ्यासामुळे, असं मी कुठे म्हणत नाही. धोका कमी गटातला होता, लवकर पोचलो, महात्मा फुले योजनेतून आणि रुग्णालयाच्या निधीतून खर्च भागला, राहायला जागा मिळाली. यातलं एक जरी नसतं तरी हातातल्या चिठ्ठीने काय केलं असतं?

२०२४च्या एप्रिलमध्ये मुंबईच्या आयआयटीत राष्ट्रपतींच्या हस्ते भारतात तयार झालेल्या कार-टी उपचाराचं लोकार्पण झालं. रुग्णाच्याच टी पेशी काढायच्या, त्यांना कॅन्सरच्या पेशी ओळखायला शिकवायचं आणि परत अंगात सोडायच्या. आयआयटी आणि टाटा यांनी मिळून त्याच्या चाचण्या केल्या, पहिला रुग्ण २०२१च्या जूनमध्ये खारघरला. परदेशातल्या किमतीच्या साधारण दहाव्या हिश्शात तो होतो, तरी रक्कम लाखांतच. ज्यांचा आजार उलटलाय त्यांच्यासाठी हा दरवाजा नवीन आहे. ती बातमी आल्यापासून मला तालुक्यातून फोन येतात. सर, तुमच्या घरी झालं होतं ना, आमच्याकडेही एक फॉर्म दिलाय, बघता का?

मी बघतो. सल्ला देत नाही, तो माझा अधिकार नाही. वाचून दाखवतो आणि चार गोष्टी विचारायला सांगतो. नोंदवहीत चाचणीचा क्रमांक आहे का, खर्च कुणाचा, मधेच बाहेर पडलो तर पुढचे उपचार चालू राहतील का, काही बरंवाईट झालं तर भरपाई कुणी द्यायची. गेल्या महिन्यात ओतूरकडच्या एका मुलाने वडिलांचा फॉर्म पाठवला, मोठ्यांच्या ल्युकेमियाचा, नव्या औषधाचा. कंपनीची चाचणी. कागद नेटका होता, भरपाईचं पान होतं, क्रमांक होता. बाहेर पडायचा हक्कही ठळक छापलेला. फक्त शेवटच्या पानावर संपर्क म्हणून दिलेल्या ऑफिसच्या फोनपुढे वेळ लिहिली होती, सकाळी दहा ते सायंकाळी पाच.

मी त्याला म्हणालो, सही करायची का नाही ते तू आणि वडील ठरवा. पण त्याआधी रात्रीचा नंबर मागून घे, आणि तो त्यांच्याकडून कागदावर लिहून घे.